स्वमग्न मूल आणि पालकांचे तीन प्रश्न

शाळेच्या स्मरणिकेत गुणवंतांच्या याद्या असतात. कोणी शिक्षक झाले, कोणी पोलीस दलात गेले, कोणी परिचारिका झाली, कोणी पुण्या-मुंबईकडे नोकरीस लागले. या याद्यांचा आम्हांस अभिमान आहे. परंतु युसूफ वडगाव असो वा केज तालुक्यातील दुसरे कोणतेही गाव असो, एखादे मूल असे असते की ज्याचे नाव कोणत्याच यादीत येत नाही. हाक मारली तर ते वळून पाहत नाही. चार मुले खेळत असली तर ते बाजूला बसून चाक फिरवीत राहते. तीन-चार वर्षांचे झाले तरी बोलत नाही, किंवा बोलते ते आपण विचारलेलेच पुन्हा म्हणून दाखविते. गाव त्याला 'येडं' म्हणते, कोणी 'मुकं' म्हणते, कोणी 'बाहेरचं झालंय' म्हणून अंगारा लावावयास सांगते. पुढे कधीतरी मोठ्या दवाखान्यात डॉक्टर एक नवा शब्द सांगतात : ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. आईवडील कागद घेऊन गावी परततात, आणि त्या शब्दाचे काय करावयाचे हे त्यांना कोणी सांगत नाही.

प्रवेशाच्या दिवसांत असे पालक आमच्यासारख्या शिक्षकांसमोर येऊन बसतात, तेव्हा बोलणे कोठूनही सुरू झाले तरी ते तीन प्रश्नांवर येऊन थांबते. हे कशामुळे झाले? हा बरा होईल का? आणि आमच्यामागे याचे कोण? या तीन प्रश्नांचा अभ्यास आम्ही येथे मांडीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. इतिहासाचे विद्यार्थी आणि शाळेचे शिक्षक आहोत. परंतु या निदानालाही एक इतिहास आहे, आणि तो पालकांनी जाणून घेण्याजोगा आहे.

आधी शब्दाची ओळख

'ऑटिझम' हा शब्द ग्रीक भाषेतील 'स्वतः' या अर्थाच्या शब्दापासून बनला. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो विसाव्या शतकाच्या आरंभी वापरात आणला, तोही वेगळ्या आजाराच्या संदर्भात. मराठीत त्याचे 'स्वमग्नता' झाले. शब्द सुंदर आहे, पण तो थोडी दिशाभूल करतो. मूल हट्टाने स्वतःत रमले आहे, मनावर घेतले तर बाहेर येईल, असे त्यावरून वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. या मुलाच्या मेंदूची वाढच वेगळ्या रीतीने झालेली असते. आवाज, उजेड, स्पर्श, माणसांचे चेहरे, बोलण्यातील सूचक अर्थ हे सारे त्याच्यापर्यंत आपल्यापेक्षा निराळ्या प्रकारे पोहोचते. कुकरच्या शिट्टीने ते कान झाकून किंचाळते, आणि त्याच वेळी आईची हाक त्याला ऐकू आली नाही असे भासते. नेहमीची वाट बदलली, ताट बदलले, तरी ते कासावीस होते.

डॉक्टर त्यापुढे आणखी एक शब्द जोडतात : वर्णपट. अर्थ असा की, या निदानाखाली येणारी मुले एकसारखी नसतात. कोणी आयुष्यभर फारसे बोलत नाही. कोणी भरपूर बोलते, पण एकाच विषयावर. काहींना बौद्धिक अक्षमताही असते, काहींना नसते. काहींना आकडी येते. हा पट म्हणजे उतरंड नव्हे. वरचे मडके आणि खालचे मडके असा हिशेब येथे लागू पडत नाही. एकाच मुलात एक क्षमता फार पुढे आणि दुसरी फार मागे असू शकते. म्हणून शेजारच्या गावातील स्वमग्न मुलाशी आपल्या मुलाची तुलना करून आशा वा निराशा करून घेऊ नये.

पहिला प्रश्न : हे कशामुळे झाले?

हा प्रश्न बहुधा आईला विचारला जातो, आणि विचारणाऱ्याजवळ उत्तर आधीच तयार असते. गरोदरपणी ग्रहण पाळले नसेल, कोणाची नजर लागली असेल, मागील जन्मीचे काही असेल. शिकलेले लोक वेगळी कारणे काढतात : मोबाइल दिला, आई कामाला गेली, मुलाशी कोणी बोललेच नाही.

आईला दोषी ठरविण्याची चूक केवळ खेड्यापाड्यात झाली असे मात्र समजू नये. ती मोठमोठ्या विद्वानांनीही केली. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ तेथून धरला जातो. त्या मुलांचे आईवडील फारसे जिव्हाळ्याचे वाटत नाहीत, असेही त्यांनी नमूद केले. पुढे या निरीक्षणाचा विपरीत विस्तार झाला. आईच्या मायेला ओल नाही म्हणून मूल असे झाले, हा सिद्धांत अनेक वर्षे चालला. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथातून त्याला मोठी प्रसिद्धी दिली. हजारो माता या आरोपाखाली जगल्या.

तो आरोप खोडून काढण्यात पालकच पुढे होते, हे विशेष. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. हा दोष संगोपनाचा नसून मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणाचा आहे, असे त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून मांडले. इंग्लंडमध्ये लॉर्ना विंग या मनोविकारतज्ज्ञ स्वतः स्वमग्न मुलीच्या आई होत्या. 'वर्णपट' ही कल्पना रूढ झाली ती त्यांच्या कामामुळे. अखेर १९६९ साली पालकांच्या एका सभेत कॅनर यांनी जाहीरपणे सर्व आईवडिलांना दोषमुक्त केले. आज आनुवंशिक घटकांचा यात मोठा वाटा आहे, हे शास्त्राने मान्य केले आहे. लसीकरणाचा संबंध जोडणारा १९९८ चा एक निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. तेव्हा गोवराची लस चुकवून मुलाला दुसऱ्या धोक्यात कोणी लोटू नये.

राहिला मागील जन्माचा मुद्दा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची परखड चिकित्सा केली आहे. माणसाची आजची स्थिती पूर्वजन्मीच्या कर्माने ठरते असे मानले, तर समाज आणि शासन यांची जबाबदारीच संपते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. गरिबीच्या संदर्भातील ते विवेचन या मुलांनाही तितकेच लागू पडते. मूल आईच्या पापाने असे झाले म्हटले, की अंगणवाडीने काही करावयाचे राहत नाही, शाळेने काही करावयाचे राहत नाही, शेजाऱ्यानेही नाही. केवळ आईने रडावयाचे राहते.

अज्ञान वा गरिबी हेही त्याचे कारण नाही. संगणक क्षेत्रात मोठी पदे भूषविलेले लेखक अच्युत गोडबोले यांनी आपला मुलगा स्वमग्न असल्याचे उघडपणे लिहिले आहे. त्यांचे 'मुसाफिर' हे आत्मचरित्र आपल्या वाचकांपैकी अनेकांनी वाचले असेल. उच्चशिक्षित घरात जे घडते तेच कोयता उचलणाऱ्या घरातही घडते. फरक पडतो तो निदान किती लवकर होते आणि पुढे मदत किती मिळते, यात.

दुसरा प्रश्न : हा बरा होईल का?

येथे पालकांना खरे उत्तर मिळाले पाहिजे. स्वमग्नता ताप उतरावा तशी उतरत नाही. ती घालविणारे औषध नाही. आकडी, झोप न येणे, अतिचंचलता यांवर डॉक्टर औषधे देतात. ती आवश्यक असतील तर घ्यावीत. परंतु पूर्ण बरे करण्याची हमी देऊन पैसे मागणाऱ्यापासून, मग तो देवऋषी असो वा पाटी लावून बसलेला कोणी असो, पालकांनी दूर राहावे. दागिने मोडून केलेला तो खर्च मुलाच्या काहीच उपयोगी पडत नाही.

बरे होणे आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मूल शिकते. वाचा-उपचाराने ते बोलू लागते, किंवा चित्रे दाखवून, खुणा करून आपली गरज सांगावयास शिकते. व्यवसायोपचाराने बटण लावणे, घास घेणे, आवाज सहन करणे त्याला जमू लागते. आरंभ जितका लवकर, तितका लाभ अधिक. म्हणून काही खुणा सर्वांनी ध्यानात ठेवाव्यात. वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर न वळणारे, दीड वर्षाचे झाले तरी बोटाने काही न दाखविणारे, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून न बोलणारे, अथवा येत असलेले शब्द विसरून गप्प झालेले मूल डॉक्टरांना दाखवावे. प्रथम त्याचे कान तपासून घ्यावेत. 'याचा बापही उशिरा बोलला होता' या समजुतीवर वर्षे घालवू नयेत.

या संदर्भात कॅनर यांच्या त्या ११ मुलांपैकी पहिल्या मुलाची हकिकत आपल्याकडील शेतकरी पालकांनी जरूर ऐकावी. त्याचे नाव डोनाल्ड ट्रिपलेट, गाव अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट, जन्म १९३३ चा. कॅनर यांनी मुलाला पाहण्यापूर्वीच त्याच्या वडिलांनी त्याच्या वागण्याचे ३३ पानांचे टंकलिखित वर्णन त्यांना पाठविले होते. तो काय फिरवितो, काय पाठ म्हणतो, कशाने चिडतो, हे त्यात बारकाईने लिहिलेले होते. ज्या निबंधाने या अवस्थेला नाव दिले, त्याच्या मुळाशी अशा रीतीने एका बापाचे निरीक्षण आहे.

पुढे डोनाल्डला गावाजवळच्या एका शेतकरी दांपत्याकडे काही वर्षे ठेवण्यात आले. कॅनर १९४५ साली तेथे गेले आणि त्या साध्या माणसांचे शहाणपण पाहून चकित झाले. मुलाला मोजण्याचा नाद होता, तर त्यांनी त्याला विहीर खणावयास लावून तिची खोली मोजावयास सांगितली. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे, तर त्याच्या हाती घोडा आणि नांगर देऊन नांगरता नांगरता ओळी मोजावयास लावले. त्याचा नाद त्यांनी मोडला नाही, त्या नादाला कामात जागा दिली. डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, गावातल्याच बँकेत नोकरीस राहिला, अनेक देश हिंडला आणि २०२३ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, मरण पावला. त्याचे घर सुखवस्तू होते, बँकही ओळखीची होती, हे खरे. प्रत्येक मूल तेवढी मजल मारील असे कोणीही म्हणू नये. परंतु त्याला घडविण्यात ज्यांचा वाटा होता, ते शेतकरी डॉक्टर नव्हते, आणि त्यांचे साधन जे होते ते आपल्या शिवारातही आहे.

बौद्ध परंपरेत चुल्लपंथक या भिक्खूची कथा आपण ऐकली असेल. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून सख्ख्या भावाने त्याला विहार सोडावयास सांगितले. भगवान बुद्धांनी त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते हाताने चोळीत राहावयास सांगितले. वस्त्र मळत गेले, आणि त्यातून तो अनित्यता जाणू शकला. तो स्वमग्न होता असे आम्हांस म्हणावयाचे नाही. शिष्याला पाठ येत नसेल तर शिक्षकाने पाठ देण्याची रीत बदलावी, एवढे मात्र त्यावरून आम्ही शिक्षकांनी शिकावे. घंटेच्या कर्कश आवाजाने बिथरणारे, वर्गात जागा बदलली की रडणारे, बसचे वेळापत्रक तोंडपाठ असूनही निबंध न लिहिणारे मूल 'हट्टी' या शिक्क्याखाली आपल्या वर्गात आजही बसलेले असू शकते.

तिसरा प्रश्न : आमच्यामागे याचे कोण?

हा प्रश्न आईवडील सर्वांत शेवटी आणि हळू आवाजात विचारतात. त्याचे उत्तर बरेचदा गाव देते : लग्न करून द्या, सुधारेल. ज्याला वा जिला लग्नाचा अर्थ उमगलेला नाही, त्याच्या संमतीला काय अर्थ? अशा विवाहाने एका कुटुंबाची काळजी दुसऱ्या घरच्या मुलीच्या वा मुलाच्या डोक्यावर जाते. तसेच धाकट्या बहिणीने शिक्षण सोडून भावाला सांभाळावे, हाही उपाय नव्हे.

कायद्याने काही वाटा केल्या आहेत, त्या ठाऊक असाव्यात. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये विकलांगतेच्या प्रसंगी साहाय्य देण्याची अपेक्षा राज्याकडून केलेली आहे. असे असूनही १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम नावानिशी स्थान दिले; २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिचा समावेश झाला. ज्यांना कागदोपत्री अस्तित्वच नव्हते, त्यांना ते मिळावयास एवढी वर्षे लागली. नाव नोंदले गेल्याशिवाय हक्क मिळत नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

या कायद्यांचा व्यवहारातील उपयोग असा. स्वमग्नतेच्या मूल्यमापनासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी आहे. तिच्या आधारे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व 'यूडीआयडी' ओळखपत्र मिळते. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षे या वयात जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागांतही या प्रवर्गाचा वाटा आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे विमासंरक्षण आहे. मूल १८ वर्षांचे झाल्यावर, त्याला गरज असल्यास, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. 'आमच्यामागे कोण' या प्रश्नाची कागदोपत्री तयारी आईवडील धडधाकट असतानाच व्हावयास हवी.

आपल्या भागातील अडचण

कायदा सर्वत्र सारखा असला, तरी बीड जिल्ह्याचे वर्ष निराळे असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल फेडण्यासाठी कोयते निघतात. मूल एक तर आजीजवळ राहते, नाही तर कारखान्याच्या कोपीवर जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करते, पण त्या दिवशी मूल गावात असेलच असे नाही. आणि ज्या मुलाला ताट बदललेले खपत नाही, त्याचे गावच सहा महिन्यांसाठी बदलते.

म्हणून आमची पालकांना सूचना आहे. मे ते सप्टेंबर हे महिने तपासणीसाठी राखावेत. अंगणवाडीताईंकडून वा आशाताईंकडून चिठ्ठी घेऊन बीडच्या जिल्हा रुग्णालयात अथवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग आणि मानसोपचार विभागांत जावे. एका फेरीत काम होत नाही, हे गृहीत धरावे. कोपीवर जाताना त्याची नेहमीची वाकळ, ताटली आणि कागदांच्या छायाप्रती सोबत असाव्यात. मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगर येथे, अंबिका टाकळकर यांनी आपल्या स्वमग्न मुलाला वाढविता वाढविता 'आरंभ' हे केंद्र उभे केले. एका आईच्या अनुभवातून अनेकांची सोय होऊ शकते, याचा हा जवळचा दाखला.

'निवासी शाळेत ठेवले की सुधारेल' असेही काही पालक म्हणतात. शाळेने दार बंद करू नये, हे खरेच. परंतु शेकडो मुलांचा गलका, भोजनगृहातील ताटांचा आवाज आणि अनोळखी रात्र यांत सहा वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाला एकदम सोडून जाणे म्हणजे शिक्षण नव्हे. आधी काही दिवस आईसोबत येणे, मग दिवसभर राहणे, सोबतीला एक ठरलेला शिक्षक, एक ठरलेली जागा, आणि दिवसाचा क्रम सांगणारी चित्रे भिंतीवर, अशा पायऱ्यांनी त्याला शाळेत आणावे.

शेवटी एक साधे काम सांगून हा पाठ संपवितो. दोन रुपयांची असो वा वीस रुपयांची, एक वही मुलाच्या नावाने करावी. आज तो कशाने शांत झाला, कशाने बिथरला, कोणता शब्द प्रथम उच्चारला, काय मोजले, काय ओळीने मांडले, हे तारीख घालून लिहावे. आईला लिहिता येत नसेल तर तिने सांगावे आणि मोठ्या भावंडाने, शेजारच्या मुलीने वा आमच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याने लिहून द्यावे. दवाखान्यात जेमतेम काही मिनिटे मिळतात. त्या वेळी ही वही डॉक्टरांपुढे ठेवावी. शाळेत नाव घालताना ती शिक्षकांपुढे ठेवावी. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावात अशा एका घरी जाऊन लेखणी हाती धरली, तर या स्मरणिकेतील याद्यांत ज्याचे नाव नाही, त्याचे नाव निदान एका वहीच्या पहिल्या पानावर येईल. पुढचे काम तेथून सुरू होते.